पाठीवरची मालकी

आपल्याकडच्या मुली आता मोटरसायकली घेऊन गटागटाने लांबच्या प्रवासाला निघतात. २०११ साली पुण्यात फक्त स्त्रियांचा ‘बाईकर्नी’ हा गट सुरू झाला, त्यानंतर असे बरेच गट निघाले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण गाडीबरोबर तिच्याभोवतीचे रीतिरिवाजही येतात. त्यांतल्या एकाशी माझे भांडण आहे. तो म्हणजे पॅच.

पॅच म्हणजे जाकिटाच्या पाठीवर शिवलेले गटाचे चिन्ह. ही रीत मूळची अमेरिकेतली. १९४८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या हेल्स एंजल्ससारख्या क्लबांमध्ये त्याचे तीन तुकडे असतात: वर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह, खाली प्रदेश. तो मिळवण्यासाठी उमेदवारी करावी लागते. दुसऱ्याच्या पॅचला हात लावायचा नाही. क्लब सोडला की पॅच परत द्यायचा. नव्या गटाला तीन तुकड्यांचा पॅच लावायचा असेल, तर त्या भागात दबदबा असलेल्या क्लबची आधी संमती घ्यायची. या सगळ्याला तिथे ‘आदर’ म्हणतात.

या आदरात बाईची जागा कुठे? हेल्स एंजल्समध्ये स्त्रीला सभासदत्वच नाही. अशा क्लबांच्या जगात तिच्या पाठीवर वेगळा पॅच येतो: ‘प्रॉपर्टी ऑफ’, आणि पुढे पुरुषाचे किंवा क्लबचे नाव. म्हणजे अमक्याची मालमत्ता! पुरुषाच्या पॅचवरही हक्क क्लबचाच असतो, हे खरे. पण त्या बदल्यात त्याला बैठकीत मत असते. तिला काय मिळते?

संरक्षण मिळते, असे उत्तर येते. तो पॅच असला की तिच्या वाटेला कोणी जात नाही, आणि ती तो स्वखुशीने घालते. मैत्रिणींनो, हे उत्तर ओळखीचे वाटते ना? नवरा नसलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या किती बायका केवळ लोकांच्या नजरा टाळाव्यात म्हणून गळ्यात काळी पोत घालून कामावर जातात! त्यांना मी दोष देत नाही, आणि त्या अमेरिकन बाईलाही देणार नाही. जिथे धोका आहे तिथे बाई मिळेल तो आडोसा घेते. पण त्या पॅचचा अर्थ नीट वाचा. ‘ही अमक्याची आहे, हिला हात लावू नका’ असे त्यावर लिहिलेले असेल, तर जिच्या पाठीवर काहीच नाही तिचे काय? तिला हात लावायला मोकळीक आहे, हेही तोच पॅच सांगतो. आदर बाईचा नाही, मालकाचा आहे. आणि धोका व संरक्षण दोन्ही एकाच घरातून येतात.

पुन्हा मोटरसायकल ही काही पुरुषांनी बायकांना उदारपणे दिलेली वस्तू नव्हे. १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी मोटरसायकलींवरून अमेरिका खंड ओलांडून गेल्या. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून पोलिसांनी त्यांना अडवले. लष्करात निरोप पोचवण्याचे काम त्यांनी मागितले, तर बाई म्हणून नाकारले गेले. १९४० साली डॉट रॉबिन्सन आणि लिंडा डुगो यांनी ‘मोटर मेड्स’ ही स्त्रियांची संघटना उभी केली. गाडी स्वतःची किंवा घरातली हवी आणि ती स्वतः चालवता यायला हवी, ही तिच्या सभासदत्वाची अट. कोणाच्या मागे बसता, हे तिथे कोणी विचारत नाही.

म्हणून आपल्या शहरांतल्या गटांना माझे सांगणे आहे. खुशाल पॅच शिवा, एकमेकींना रस्त्यात ओळखायला तो उपयोगी पडतो. पण पुरुषांचा एखादा गट ‘आधी आमची परवानगी घ्या, तशी पद्धत आहे’ असे म्हणू लागला, तर ही पद्धत कोणी ठरवली आणि ती ठरवताना किती बायका हजर होत्या, एवढे त्याला विचारा. आणि ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची राणी’ असले गमतीचे पॅच कोणी भेट म्हणून आणले, तर गंमत म्हणूनही ते शिवून घेऊ नका.