आधी एमआरआय, मग सुई

रक्तातील पीएसएचे प्रमाण वाढलेले आढळले की प्रोस्टेट ग्रंथीची बायोप्सी करण्याचा प्रश्न उभा राहतो. नेहमीच्या पद्धतीत गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ग्रंथीच्या ठरावीक भागांतून दहा-बारा तुकडे काढतात. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातली कर्करोगाची गाठ बहुधा वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे सुई गाठीत शिरेल की तिच्या बाजूने जाईल, हे बरेचसे योगायोगावर राहते. संशयित जागा एमआरआयने आधी हेरून सुई तिथे नेणे हाच यावरचा योग्य मार्ग आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप तपासले तरी हा निष्कर्ष टिकतो.

पहिला आक्षेप असा, की जुनी पद्धत पुरेशी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ अभ्यासाने तो खोडून काढला. त्यात ५७६ पुरुषांची एमआरआय आणि नेहमीची बायोप्सी झाली. शिवाय दर पाच मिलिमीटरवर तुकडे घेऊन दोन्हींची पडताळणी केली गेली. गंभीर कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने टिपले, तर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. निम्म्याहून अधिक गंभीर रोग निसटू देणाऱ्या तपासणीला पुरेशी म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अनावश्यक निदानाचा. अधिक बारकाईने पाहिले, तर निरुपद्रवी कर्करोगही अधिक सापडतील आणि उपचारांचा भार वाढेल, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात उलटे घडते. २०१८ च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत ५०० पुरुष होते. एमआरआय गटातील २८ टक्के पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही. त्या गटात गंभीर कर्करोग ३८ टक्के पुरुषांत सापडला, नेहमीच्या पद्धतीत २६ टक्के. किरकोळ कर्करोग मात्र अनुक्रमे ९ आणि २२ टक्के.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एमआरआयही चुकतो. हे खरेच आहे. ग्रंथीचा दाह किंवा क्षयरोगही चित्रात कर्करोगासारखा दिसू शकतो. म्हणून निदानाचा अखेरचा शब्द पॅथॉलॉजिस्टचाच. काही गंभीर गाठी चित्रात उमटत नाहीत; म्हणून चित्र निर्दोष असूनही ग्रंथीच्या आकाराच्या मानाने पीएसए जास्त असेल, किंवा घराण्यात हा रोग असेल, तर बायोप्सीचा विचार करावाच लागतो. पण या मर्यादांवरून एमआरआय कसा वापरावा हे ठरते. तो टाळावा असे ठरत नाही.

चौथा आक्षेप खर्चाचा. टळलेल्या बायोप्सीबरोबर तिचा खर्च, रक्तस्राव आणि आतड्यातील जंतूंमुळे होणारा संसर्गही टळतो, हे या हिशेबात धरले पाहिजे. शिवाय २०२५ च्या ‘प्राइम’ चाचणीत शिरेतून कॉन्ट्रास्ट न देता केलेला छोटा एमआरआयही गंभीर कर्करोग शोधण्यात कमी पडला नाही. त्यात यंत्राचा वेळ वाचतो आणि खर्चही उतरतो.

लाभ पदरात पडण्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. एमआरआय बायोप्सीआधीच व्हावा. नंतर केल्यास साकळलेले रक्त चित्र गढूळ करते. चित्र स्पष्ट असावे आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टने पाय-रॅड्स श्रेणीत, म्हणजे एक ते पाच अंकांत, संशयाची पातळी नोंदवावी. श्रेणी चार किंवा पाच असल्यास संशयित जागेतून तुकडे घ्यावेत. तीन असल्यास पीएसए आणि इतर जोखीम जोडीला पाहावी. एमआरआयचे चित्र सोनोग्राफीवर संगणकाने जुळवायचे की डॉक्टरने नजरेने, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. जिथे एमआरआय आणि तो वाचणारा तज्ज्ञ उपलब्ध आहे, तिथे चित्र न पाहता थेट सुई घालण्याला आता वैद्यकीय आधार उरलेला नाही.