पॅच लावण्याआधी लेबल वाचलं का?



आज कांद्यावर नाही, खांद्यावर लिहितोय. विषय शेतातलाच आहे, कारण मार आपल्याला शेतातच लागतो.

गेल्या एप्रिलमध्ये चाळ भरताना आमच्या आण्णांचा पाय फळीवरून घसरला. पडले नाहीत, पण सावरताना उजवा खांदा लचकला. वय ६७. संध्याकाळी मीच मेडिकलवरून दुखण्याचे पॅच आणले. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही काही विचारलं नाही. एक खांद्यावर लावला, आराम पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कमरेवर पण लावला. शिवाय घरात पडलेल्या दुखीच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. आणि पारा ४० च्या पुढे असताना दिवसभर चाळीवर उभे.

मी म्हटलं, "आण्णा, दोन दिवस बसा." तर म्हणाले, "अरे, पट्टी लावलीय ना! आता काय होतंय?"

पाचव्या दिवशी पायांवर सूज, लघवी कमी, जेवण नको. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याचं काय काय घेताय? आम्ही गोळ्या सांगितल्या. पॅचचं कुणाच्या डोक्यातच नाही! बीपी बघायला बाही वर केली तेव्हा डॉक्टरांनाच तो दिसला. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं. गोळ्या बंद, पॅच बंद, उन्हातलं काम बंद. उतरायला तीन आठवडे गेले. थोडक्यात निभावलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकट्या पॅचने एवढं झालं नसतं. पॅचमधलं औषध मुख्यतः लावलेल्या जागी काम करतं, गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणूनच लहान-सहान मुरगळीला, मुक्या माराला पॅच हा चांगला पर्याय आहे. घोळ झाला तो बेरजेत. पॅचमध्ये डायक्लोफेनॅक, गोळीतही डायक्लोफेनॅक, वर बीपीच्या गोळ्या, त्यात एक लघवी वाढवणारी, आणि घामाने सुकलेलं अंग. अंगात पाणी कमी असतं तेव्हा किडनी आपल्याकडे येणारी रक्ताची वाट धडपडून उघडी ठेवते. ती उघडी ठेवणारा पदार्थच ही सूज उतरवणारी औषधं शरीरात तयार होऊ देत नाहीत.

आता माझं म्हणणं. आपण औषध म्हणजे गोळी आणि सुई एवढंच धरतो. पॅच म्हणजे नुसती चिकटपट्टी! फवारणीच्या वेळी मात्र आपण किती हुशार असतो बघा. दोन कंपन्यांच्या बाटल्या समोर आल्या की नाव सोडून बारीक अक्षर वाचतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ दोन्हीकडे आहे ना, मग दोन्ही एका पंपात कशाला? प्रमाण मोजतो, काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बघतो. हीच नजर स्वतःच्या अंगाला लावायच्या औषधाकडे का नाही? पिकाला लेबल आणि बापाला अंदाज, हे बरोबर नाही.

तर त्या दिवसापासून आमच्या घरात पाळतो ते सांगतो.

१. आधी घटक वाचायचा. डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन ही सूज उतरवणारी औषधं. नुसता मेन्थॉल किंवा मिरचीचा अर्क असलेला पॅच वेगळा. एका गटाचा पॅच आणि त्याच गटाची गोळी सोबत घ्यायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरच.

२. एका वेळी एकच पॅच. काही पॅच १२ तासांचे असतात, काही २४ तासांचे. पाकिटावर असेल तेवढाच वेळ ठेवायचा. "अजून चिकटलेला आहे" म्हणून दोन दिवस ठेवायचा नाही.

३. कातडी धुतलेली, कोरडी आणि धड पाहिजे. खरचटलं, कापलं, पुरळ आलं, तिथे लावायचा नाही. जखमेतून औषध जास्त आत जातं. फवारणीच्या हाताने तर पॅचला शिवायचंच नाही.

४. खाली बाम नाही, वर गरम पाण्याची पिशवी नाही. उष्णतेने औषध जास्त वेगाने शोषलं जातं. लावलेला भाग कपड्याने झाकायचा. केटोप्रोफेन असेल तर पॅच काढल्यावरही दोन आठवडे तिथे ऊन लागू द्यायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

५. खाज, फोड, लाली आली की लगेच काढायचा. चार-सहा दिवसांत फरक नसेल तर नवा पॅच नाही, दवाखाना.

६. वापरलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत दुमडून टाकायचा. गोठ्यात, उकिरड्यावर फेकायचा नाही. पोरं, कुत्री, वासरं काहीही तोंडात घालतात.

बीपी, किडनी, हृदयाचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करायची गोळी, दमा, किंवा पूर्वी कुठल्याही दुखीच्या गोळीने अंगावर पित्त उठलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने विचारल्याशिवाय लावूच नये, पाचव्या महिन्यापासून पुढे तर मुळीच नाही.

इथे माझ्यासकट सगळ्या मालक मंडळींना एक बोलायचंय. टोळीतल्या कुणाचा हात दुखला की आपण खिशातून पॅच काढून देतो आणि माणुसकी केली असं समजतो. त्या बाईला दिवस गेलेत का, दमा आहे का, आपण विचारतो का? खरी माणुसकी म्हणजे सावली, पाणी आणि त्या दिवसाची मजुरी न कापता सुट्टी. पॅच लावून तिच्याकडून पुन्हा पाटी उचलून घेणं ही मदत नव्हे. दुखणं दबलं म्हणजे लचक भरली असं नाही. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून, पाय उशीवर, क्रेप बँडेज आणि आराम. पॅच त्याच्या जोडीला.

आणि काही दुखणी पॅचची नसतातच. चार पावलंही टाकता येत नाहीत, हाड वाकडं दिसतंय, बधिर झालंय, सूज वाढतेय, ताप आलाय, तर सरळ एक्स-रेला. छातीत दाब येऊन डावा हात दुखत असेल तर तो खांद्याचा लचका समजू नका, गाडी काढा. काही चावल्याची शंका असेल तरीही तेच.

जाता जाता गिधाडांची आठवण. आमच्या लहानपणी मेलेलं ढोर टाकलं की आभाळ भरायचं. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात गेलं आणि किडनी बंद पडून ती गेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांचं इंजेक्शन गोठ्यात जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये त्याची बाटलीही ३ मिलीची केली. माणूस गिधाड नाही, आपल्याला हे औषध चालतं. पण किडनीशी त्याचा संबंध आहे एवढं लक्षात ठेवायला हे उदाहरण पुरे. आणि हो, आपला पॅच बैलाच्या खांद्याला लावू नका, जनावराचं जनावराच्या डॉक्टरांना विचारा.

कृषी सहायक आणि सल्लागार मित्रांनाही विनंती. शिवारफेरीत लेबल वाचायला शिकवता, तेव्हा दोन मिनिटं घरातल्या औषधाच्या डब्यावरही बोला. शेतकरी तुमचं ऐकतो.

आमचे आण्णा आता बरे आहेत. परवा गुडघा दुखला तर चष्मा लावून पाकीट माझ्यासमोर धरलं, "वाच रे, यात काय आहे?"

एवढं प्रत्येक घरात झालं तरी पुष्कळ.