कोयरीचा दुधी भोपळा

संगणकाच्या तासाला मुलांनी आपल्या हलत्या चित्रगोष्टीच्या शीर्षकासाठी एक चौकट काढली. चारी कोपऱ्यांत एकेक कोयरी. शीर्षक लांबले म्हणून चौकट दुप्पट रुंद केली, तर कोयरीचा दुधी भोपळा झाला! मुले खूप हसली. आम्हांला मात्र त्यात एक धडा दिसला.

यावरचा उपाय २००५ साली फ्लॅश ८ मध्ये आला. चित्रावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा मारून नऊ भाग करायचे. कोपरे जसेच्या तसे राहतात. वरखालच्या पट्ट्या फक्त आडव्या ताणतात, बाजूच्या फक्त उभ्या, मधला भाग दोन्हीकडे. चौकट ३०० बाय २००, कोपरा ४० चा, तर प्रोग्रॅममध्ये मधल्या चौकोनाचे चार आकडे द्यायचे : ४०, ४०, २२०, १२०. रुंदी ६०० केली की मधला भाग ५२० होतो, कोपरा ४० च राहतो. सगळी वजाबाकीच, आलेखाच्या कागदावर पाचवीच्या मुलालाही जमेल.

पण काठभर कोयऱ्या असतील तर? पट्टी ताणली की त्या पुन्हा लांबट होणार. सहावारीची नऊवारी केली म्हणून काठावरची कोयरी लांबत नाही, कोयऱ्यांची संख्या वाढते. वेब पानांच्या सीएसएसमध्ये काठ ताणायचा की नक्षी पुन्हा पुन्हा घ्यायची, हे सांगता येते. शेवटची कोयरी अर्धी कापली जाऊ नये म्हणून सगळ्या किंचित लहानमोठ्या करून पूर्ण संख्येत बसवण्याचीही सोय आहे.

"शाळेत कोणते सॉफ्टवेअर शिकवता?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाला, आणि नऊ भागांची युक्ती अँड्रॉइडच्या चित्रांत आजही चालते. तेव्हा कोणते बटन दाबायचे याआधी काय ताणायचे नि काय नाही, हे मुलांना ठरवता यावे, असे आमचे मत आहे.

आणि हे शिकवायला सुरतेत माणसे शोधावी लागू नयेत. आपले कितीतरी पालक साड्यांच्या डिझाइनचे, छपाईचे, भरतकामाच्या मशीनचे काम करतात. नक्षीचा 'रिपीट' कसा जुळवायचा हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी "आम्हांला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही" म्हणून ते संगणकाच्या खोलीच्या दाराशीच थांबतात. विश्वस्त मंडळाने पुढच्या सत्रात एका शनिवारचे दोन तास या पालकांसाठी राखून ठेवावेत, ही विनंती. येताना त्यांनी काठाचे दोन-चार तुकडे तेवढे बरोबर आणावेत.