पावती दाखवली म्हणजे ऑडिट झालं असं नाही

पालकहो, जरा लांब लिहितेय, पण वाचा.

आपल्या दोहाच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी मेहदी हसनची क्लिप टाकतंच. (गझलवाले नव्हेत; अल जझीरावर ‘हेड टू हेड’ करायचे ते.) खाली ठरलेलं वाक्य: मुलांना दाखवा, मुद्दा कसा मांडतात ते! माझं स्पष्ट मत: बोलायला शिकण्यासाठी दाखवा हवं तर, पण विचार करायला शिकण्यासाठी नको.

आधी श्रेय देते. हसनसाहेबांची तयारी दांडगी. पाहुण्याचं जुनं विधान पुराव्यासकट पुढ्यात ठेवतात. आपल्याकडच्या बऱ्याच स्टुडिओंत तेवढंही होत नाही. आठ माजी नौसैनिक इथे अटकेत होते तेव्हा आरोप दोन्ही सरकारांनी जाहीर केले नव्हते, तरी चॅनेलवरचे तज्ज्ञ ठामपणे कारणं सांगत होते. फेब्रुवारी 2024 मध्ये आठही जण सुटले.

पण सीए म्हणून सांगते. वहीतल्या नोंदीला पावती आहे का, हे बघणं म्हणजे व्हाउचिंग. त्यातून लिहिलेलं खरं आहे की नाही कळतं. जे लिहिलंच नाही, ते कळत नाही. त्यासाठी उलटं, पावत्यांच्या गठ्ठ्याकडून वहीकडे यावं लागतं. हसनसाहेबांच्या साच्यात हे दुसरं काम बसतच नाही. पावत्या तेच निवडतात, प्रश्नही त्यांचेच, आणि घड्याळही.

डिसेंबर 2015 मधली राम माधव यांची मुलाखत आठवा. भारत, पाकिस्तान, बांगलादेश पुन्हा एक होतील असं माधव म्हणाले. युद्धाने नव्हे, लोकांच्या सदिच्छेने, हेही तिथेच म्हणाले. मथळ्यांत उरलं फक्त ‘अखंड भारत’. माधवांचं म्हणणं पटो न पटो, अर्धं वाक्य म्हणजे अर्धाच ताळेबंद.

हसनसाहेबांच्या 2023 च्या पुस्तकाचं नावच ‘विन एव्हरी आर्ग्युमेंट’. मुद्द्याबरोबर माणसाच्या विश्वासार्हतेवरही वार करावा, असं ते त्यात उघड सांगतात. निष्कर्ष आधी ठरवून पुरावा गोळा करणाऱ्याला आम्ही ऑडिटर म्हणत नाही, वकील म्हणतो. वकिली वाईट नाही, पण तिला तपासणी म्हणू नका. शिवाय 1996 साली सुरू झालेल्या अल जझीरामागे कतार सरकारचा पैसा आहे. ऑडिटरला असे संबंध आधी उघड करावे लागतात. क्लिप पुढे ढकलताना आपणही तेवढं सांगावं.

हे सगळं कशासाठी? आपल्या मुलांच्या कंपाउंडमध्ये पाकिस्तानी, इजिप्शियन, पॅलेस्टिनी मुलं आहेत. 23 जून 2025 ला इराणची क्षेपणास्त्रं अल उदेदवर आली, 9 सप्टेंबरला इस्रायलने दोहात हल्ला केला. अशा रात्री मुलाला वाद जिंकता येऊन काय उपयोग? त्याला कळायला हवं की नक्की काय माहीत आहे, कोण सांगतंय आणि काय अजून कुणालाच माहीत नाही.

तेव्हा क्लिप दाखवा, पण ‘कोण जिंकलं?’ विचारू नका. ‘यात काय राहून गेलं?’ ते विचारा.