गीत घडविण्याचा खर्च

मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाका येथे एखाद्या तरुण गायकाला आज स्वतःच्या आठ-दहा गीतांचा संच ध्वनिमुद्रित करावयाचा असेल, तर त्याला मुंबई-पुण्याची वाट धरावी लागत नाही. मोबाइल, एक बरा माइक, भिंतींना टांगलेल्या चार गोधड्या आणि मालमोटारींची वर्दळ ओसरल्यानंतरची रात्र एवढ्यावर काम भागते. ही मोठीच सोय झाली. परंतु भांडवलाची टंचाई संपली म्हणजे सारीच टंचाई संपली, असे नव्हे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. चूक परवडणारी नव्हती. म्हणून कापणे, घोटणे, तालीम हे सारे ध्वनिमुद्रणाच्या अगोदर उरकावे लागे. आता गीत पन्नास वेळा विनामूल्य मुद्रित करता येते, आणि नेमके म्हणूनच ते पहिल्याच खर्ड्यात गोठू लागले आहे. ढळलेला सूर यंत्र सावरून देते. मात्र ‘दिन’ हा शब्द लांब स्वरावर बसविला की कानाला तो ‘दीन’ ऐकू येतो, हे यंत्र सांगत नाही. श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो, मात्रा भरण्यासाठी ‘रे’ आणि ‘गं’ यांची खोगीरभरती होते, चाल उंच चढते तेव्हा ओळीतला सर्वांत क्षुल्लक शब्द तिच्यावर आरूढ होतो. हे दोष लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाहीत, कारण त्याला अर्थ अगोदरच ठाऊक असतो. ते दाखविण्यास दुसरा कान लागतो.

तो कान पूर्वी फुकट मिळत असे, असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. तो समाजाच्या व्यवहारातच गुंतलेला होता. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची बांधणी टाळकऱ्यांच्या तोंडी सहज बसते. न बसणारी ओळ कीर्तनात तत्काळ उघडी पडते. जात्यावर समोर बसलेली बाई ओवी उचलून पुढे नेई, प्रसंगी बदलूनही टाकी. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमा झालेल्या लाखाहून अधिक ओव्या हे अशाच घरगुती परिष्काराचे भांडार होय. वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गीते तर कॅसेटचा सुकाळ होण्यापूर्वीच गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या मुखी रुळलेली होती. गोधड्या लावलेल्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, हे खरे. पण श्रोताही येत नाही.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती आर्थिक आहे. मित्राने दोन ओळी सुधारल्या, पेटीवाल्याने चाल फिरविली, तर गीत कोणाचे? याचा विचार बहुधा पैसे येऊ लागल्यावर होतो व मैत्री तेथेच संपते. कोणी काय रचले, हे एका कागदावर तारीख घालून, सह्या करून ठेवण्यास खर्च येत नाही. नोंदणीवाचूनही स्वामित्वहक्क उत्पन्न होतो. तो दुसऱ्यास देणे मात्र लेखीच असावे लागते, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातील गीताचा गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्कातील आपला समान वाटा कंपनीला बहाल करता येत नाही, तसा करार केला तरीही. एकरकमी चार हजारांवर सही करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

कानाची सोय मात्र करावीच लागेल. एप्रिलमधील जयंतीची व्यासपीठे व हरिनाम सप्ताह ही कच्च्या गीताची परीक्षा घेणारी ठिकाणे आजही शाबूत आहेत. शिवाय गावच्या शाळेचा एखादा वर्ग रविवारी दोन तास रिकामाच असतो. तेथे पेटी, ढोलकी आणि तोंडावर दोष सांगणारी दहा माणसे जमली, तर ध्वनिमुद्रण दिवाळीपर्यंत लांबले म्हणून बिघडण्यासारखे काही नाही.