आकडा कोरला, नावं राहिली

वाचकहो, तुमच्या गावच्या चावडीच्या, जुन्या शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एखादा पांढरा संगमरवरी दगड बसवलेला आहे का? आज जाता-येता जरा बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत तो आहे. त्यावर मजकूर एवढाच की, या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. गेले ते कोण, कुणाची पोरं, कुठल्या वाड्यातली, याचा पत्ता नाही.

मध्यंतरी एका गावी असा दगड बघायला मिळाला, तो नोटीस बोर्ड बाजूला सारल्यावर. बोर्डावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी होती, बापाच्या नावासकट. त्याच्यामागं दडलेल्या दगडावर मात्र मेलेल्यांचा नुसता आकडा. पारावरचे एक अण्णा म्हणाले, "त्यो व्हय? इंग्रजांचा दगड हाय." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या आजीचा थोरला दीर गेला हुता बसऱ्याला. परत आलाच न्हाई. नाव... काय बरं नाव त्याचं?" बराच वेळ आठवून पाहिलं, पण नाव काही आलं नाही.

मला लिहायचं आहे ते या न आठवलेल्या नावाबद्दल.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसं गेली. सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. शिपायांबरोबर खेचरवाले, स्वयंपाकी, धोबी, मजूर हेही गेले. आपल्याकडच्या मराठा पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. जुनी माणसं 'बसऱ्याची लढाई' म्हणतात ती हीच. १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी कूत गावाच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं, घोडी कापायची वेळ आली आणि शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यांतले कितीतरी कैदेत मेले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर मोडूनही टाकली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला.

आता ज्यांच्यासाठी हे लढले, त्यांच्या खेड्यात काय आहे ते पाहा. विलायतेत लहान गावातही चर्च असतं, भोवती कबरस्तान, आणि तिथंच किंवा गावच्या मोकळ्या जागेत दगडी क्रूस नाहीतर खांब. त्यावर त्या गावातून गेलेल्या नि न परतलेल्या प्रत्येकाचं नाव. शेतमजुराचं पोर असो की जमीनदाराचं. काही ठिकाणी एकच आडनाव ओळीनं दोन-तीनदा येतं, म्हणजे एकाच घरचे भाऊ. १९१५ मध्ये सरकारनं मयतं घरी आणायला बंदी केली होती. आईबापाला फूल वाहायला कबर नव्हती, म्हणून गावानं वर्गणी काढून दगड उभा केला. १९२३ साली कायदा झाला आणि त्याच्या डागडुजीवर सार्वजनिक पैसा खर्चायची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. आजही ११ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी लोक तिथं जमतात आणि कितीतरी ठिकाणी नावं मोठ्यानं वाचली जातात.

आपल्या शिपायाचंही मयत घरी आलं नव्हतं. आपल्याला मिळाला तो आकडा. खुद्द बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांसाठी पलटणीपुढं फक्त संख्या घातली. २०२१ साली राष्ट्रकुल युद्ध स्मशान आयोगानं स्वतःच अहवाल काढून ही विषमता कबूल केली. किमान १ लाख १६ हजार मृतांची, कदाचित त्याहून कितीतरी जास्त जणांची, नावानिशी किंवा मुळीच दखल घेतली गेली नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्यांत आफ्रिकेतली माणसं आहेत, तशी आपलीही आहेत.

काही जण म्हणतील, गोऱ्या सायबाची लढाई, त्याचं कौतुक आपण का करायचं? प्रश्न रास्त आहे. पण कौतुक साम्राज्याचं करायचंच नाही. लढाई सायबाची होती, पण मेलेला आपला होता. त्याच्या मागं आपल्याच शिवारातलं रान पडीक राहिलं, आपल्याच गावची बाई विधवा झाली. सायबानं त्याला आकड्यात मोजलं हे समजू शकतं. गावानंही आकड्यातच ठेवावं, हे मात्र पटत नाही.

उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. विलायतेत ब्रायटनजवळच्या टेकडीवर हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला होता. तिथं १९२१ साली छत्री उभी राहिली. त्या ५३ जणांच्या नावांचा दगड मात्र २०१० साली बसला. नव्वद वर्षांनी का होईना, बसला.

मग आपण काय करायचं? पहिलं, आहे तो दगड सांभाळा. नव्या कार्यालयासाठी चावडी पाडताना असा दगड राडारोड्यात जाऊ शकतो. त्यावर ऑइलपेंट फासू नका, अ‍ॅसिडनं घासू नका. साध्या पाण्यानं धुवा.

दुसरं, नावं शोधा. घरातल्या जुन्या पेट्या उघडा. लढाईच्या पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण असते. मेलेल्याच्या घरी बशीएवढा ब्राँझचा बिल्ला येत असे, त्यावर तर नावच ओतलेलं असतं. मोडीत घालायच्या आधी वाचून घ्या.

तलाठी भाऊसाहेबांना विनंती, १९१५ ते १९२२ च्या सुमाराची फेरफाराची वही, म्हणजे नमुना ६, जरूर चाळावी. शिपाई मेला की जमिनीला वारस लागला, आणि वारसाच्या नोंदीत मयताचं नाव आलं. जन्म-मृत्यूच्या नमुना १४ मध्ये परदेशी मेलेला सापडेलच असं नाही, पण घराणं जुळवायला त्याचा उपयोग होतो. वर सांगितलेल्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे आणि कितीतरी नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला आहे. स्पेलिंग सायबानं ऐकून लिहिलेलं, तेव्हा चार प्रकारे शोधा. गावातली कॉलेजला जाणारी पोरं हे काम एका सुट्टीत करतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही पत्र टाकून ठेवा.

तिसरं, ग्रामसभेत ठराव घ्या. जुन्या दगडाला हात न लावता शेजारी दुसरा बसवा. त्यावर नावं सगळ्या वाड्या-वस्त्यांची, एकाच आकाराच्या अक्षरात. पुरावा मिळाला तेवढीच कोरा आणि पुढं सापडतील त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश'साठी ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले, म्हणजे दगड बसवायची रीत आपल्याला माहीत आहे. खर्चाचं म्हणाल, तर वर्षाकाठी फ्लेक्सवर जो पैसा उधळतो त्यातला थोडा इकडं वळवा. आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेतल्या पोरांकडून ती नावं मोठ्यानं वाचून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पण घाई करा. कागद अजून दहा वर्षं टिकेल, पण अण्णांसारखी माणसं टिकणार नाहीत. "आजीचा थोरला दीर" एवढं तरी आज कुणीतरी सांगतंय. ते सांगणारा गेला, की गावाकडं उरेल तो सायबानं कोरलेला आकडाच.