वैर हवं तर शेजाऱ्याशीच

अमेरिकन कॉलेज फुटबॉल म्हटलं की लाखभर माणसं मावणारी स्टेडियम्स आणि टीव्हीचे अब्जावधी डॉलर्सचे करार आठवतात. पण या खेळात सर्वात जास्त वेळा झालेली लढत कुठली? हार्वर्ड-येल? मिशिगन-ओहायो स्टेट? नाही मंडळी! ती आहे पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय आणि लाफायेटची. एक बेथलेहेमला, दुसरं ईस्टनला. मध्ये अंतर जेमतेम पंचवीसेक किलोमीटर.

पहिला सामना १८८४ सालचा. लाफायेटने ५०-० असा धुव्वा उडवला. दुसरं कोणी असतं तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं, पण लीहायवाले परत आले. सुरुवातीची बरीच वर्षं दोघं वर्षातून दोनदा भिडायचे, त्यामुळे २०१४ मध्येच दीडशेवा सामना झाला, तोही न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर. १८९६ साली लाफायेटच्या एका खेळाडूच्या पात्रतेवरून भांडण झालं आणि सामना झाला नाही. पण त्यानंतर दोन महायुद्धांतही खेळ थांबला नाही. कोविडमुळे २०२० चा सामना हुकला, तर पठ्ठ्यांनी तो एप्रिल २०२१ मध्ये खेळून घेतला.

आपल्या बिरादरीसाठी खास माहिती: लीहायची टीम १९९५ पर्यंत 'इंजिनियर्स' याच नावाने खेळायची. आणि जिंकल्यावर मिळतं काय? सामन्याचा बॉल, त्यावर स्कोअर रंगवायचा. बस्स!

आता उलटं उदाहरण. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून दरवर्षी खेळत होते. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये जास्त पैशाची साउथईस्टर्न कॉन्फरन्स गाठली, आणि २०२३ च्या सामन्यानंतर ही परंपरा खंडित झाली. कॅन्सस-मिझुरीचंही तसंच. मिझुरीने कॉन्फरन्स बदलली, २०११ नंतर सामने बंद, ते थेट २०२५ मध्ये पुन्हा सुरू. म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीच्या हिशोबाने दहा अख्ख्या बॅचेस हा सामना न बघताच बाहेर पडल्या.

पैसा वाईट असं मी म्हणत नाही. पगारवाढीसाठी आपणही कंपन्या बदलतोच की. मोठ्या कॉन्फरन्समुळे तगडे प्रतिस्पर्धी मिळतात हेही खरं. पण हजार मैलांवरच्या टीमला हरवून ती मजा नाही. शेजारच्या गावातला हरलेला माणूस सोमवारी तुमच्याच ऑफिसात भेटतो, तुमच्याच वाण्याच्या रांगेत उभा असतो. त्याला वर्षभर चिडवता येतं, आणि पुढच्या वर्षी त्याचं ऐकूनही घ्यावं लागतं. हा हिशोब कुठल्याही टीव्ही कराराच्या एक्सेल शीटमध्ये बसत नाही, म्हणून तो आधी कापला जातो.

लीहाय-लाफायेटचं वैर टिकलं, कारण माझ्या मते ते विकण्याइतकं महाग कधी झालंच नाही. असो. मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी खुशाल मोठं व्हावं. फक्त वर्षातला एक शनिवार शेजाऱ्यासाठी राखून ठेवावा, एवढंच.